गावाच्या पैशावर बोट ठेवायचं तर: ‘मेरी पंचायत’, ईग्रामस्वराज आणि ग्रामसभेचा आराखडा

निकाल आधीच सांगून टाकू. ग्रामपंचायतीचा झालेला खर्च पकडायला ईग्रामस्वराज पोर्टल आणि ‘मेरी पंचायत’ ॲप ही सोय चांगली आहे, होणारा खर्च ठरवायला तोकडी. ईग्रामस्वराज पोर्टल २४ एप्रिल २०२० ला, पंचायतराज दिनी सुरू झालं आणि आधीची आराखड्याची, हिशेबाची वेगवेगळी सॉफ्टवेअरं त्यात एकत्र आली. ‘मेरी पंचायत’ हे त्याच माहितीवर चालणारं, लोकांसाठी काढलेलं मोबाईल ॲप. त्यात मराठीही आहे. दोन्ही फुकट. आपल्या पंचायतीला किती पैसा आला, कोणती कामं धरली, किती बिल निघालं हे कुणाच्या पाया न पडता दिसतं, आणि ज्या गावात सचिव आठवड्यातून दोनच दिवस भेटतो तिथं एवढंही पुष्कळ आहे. मात्र काम कोणतं घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं आणि तिथं काय हातात घेऊन जायचं ते ॲप सांगत नाही. म्हणून इथं ॲपपेक्षा सभेबद्दलच जास्त लिहिलं आहे.

पोर्टल उघडल्यावर पहिली चूक होते ती वर्षाची. ऑक्टोबर ते डिसेंबरात गावाच्या वर्षभराच्या कामांचा जो आराखडा बनतो, तो पुढच्या एप्रिलपासूनचा असतो. डिसेंबर २०२५ मध्ये बसून २०२५-२६ निवडलं तर आधीच्या वर्षीची यादी दिसणार, आणि ‘आमची नाली वगळली’ म्हणून उगाच भांडण होणार. २०२६-२७ निवडा. दुसरी चूक गावाच्या नावाची. गट ग्रामपंचायत असेल तर यादीत मुख्य गावाचंच नाव असतं. तीन-चार गावं आणि टोल्या मिळून एक पंचायत, तर सगळ्यांचा पैसा एकाच नावाखाली. आपल्या टोलीच्या वाट्याला काय आलं हे वेगळं कुठंच दिसत नाही. कामांच्या नावांतून निवडून, कागदावर आपणच बेरीज करावी लागते. एका नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, तेव्हा आधी जिल्हा परिषद, मग पंचायत समिती, मग ग्रामपंचायत असं क्रमानं निवडलेलं बरं.

यादी समोर आली की कामांची नावं वाचा. ‘वॉर्ड क्र. २ मध्ये नाली बांधकाम.’ कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत? किती मीटर? पाणी कुठं सोडणार? काहीच नाही. असं मोघम नाव बहुतेक वेळा आळसानं पडतं, पण फायदा त्याचा एकच: नाली नंतर वॉर्डात कुठंही सरकवता येते. मंजुरी कागदावर बरोबर, काम भलत्याच बोळीत, आणि तक्रार करायला जागा नाही. आराखड्याबद्दल एकच गोष्ट पक्की करून घ्यायची असेल तर ती ही, की कामाच्या नावातच दोन टोकं आणि लांबी आली पाहिजे.

आराखड्यात नाव आहे म्हणजे पैसा आहे, हाही गैरसमज. तीस कामं लिहून ठेवायची आणि पैसा सात-आठ कामांपुरता, ही सगळीकडची रीत. कोणती सात-आठ उचलायची हे मग बॉडी, म्हणजे निवडून आलेले सदस्य, ठरवते. त्यामुळे यादीत नाव आल्यावर खुश होऊन घरी बसू नये. प्राधान्यक्रम ठरावात लिहून घ्यावा. पहिलं काम कोणतं, दुसरं कोणतं, आणि पैसा कमी आला तर कोणतं मागं पडणार. मधेच पुरवणी आराखडा करून नवी कामं घुसवता येतात, त्यालाही ग्रामसभेचा ठराव मागा.

खर्चाच्या बाजूला ॲप खरंच उपयोगाचं आहे. वित्त आयोगाच्या निधीतलं बिल पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पैसे-व्यवस्थेतून थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातं आणि त्यासाठी सचिव आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. गावात याला ‘डोंगल लावणं’ म्हणतात. दोन्ही डोंगल एकाच माणसाच्या खिशात असले की ही दुहेरी कुलूपबंदी संपली. सरपंच बाईंचा डोंगल त्यांच्याच हाती असतो का, हे गावानं एकदा विचारायला हवं. बिल निघालं की व्हाउचर नोंदीत येतं. त्याची तारीख पाहायची आणि कामाच्या जागी जाऊन यायचं. नाली अर्धी आणि बिल पूर्ण, एवढं जुळवायला अभियंता लागत नाही. कामाआधीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा असे फोटो जागेच्या नोंदीसह चढवायचे असतात. फोटोच्या मागे दिसणारी भिंत ओळखीची आहे का, हे गावातलं पोरगंही सांगतं.

उणीव अशी, की पंचायतीनं जे भरलं तेच दिसतं. संगणक परिचालकानं नोंद टाकली नाही तर पडदा रिकामा. आणि वित्त आयोगाच्या पैशाबाबत जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती यांच्या फंडाबाबत ठेवू नये. त्यासाठी कागदच पाहायचा: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ३ म्हणजे जमाखर्चाचं विवरण, नमुना ५ म्हणजे रोकडवही.

आता पैशाची वाटणी. ती माहीत नसली की सभेत नुसता आरडाओरडा होतो आणि ‘हे यात बसत नाही’ या एका वाक्यावर सचिव सगळ्यांना गप्प करतो. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. त्यात २०२१-२२ पासून ६० टक्के पैसा बंधित, म्हणजे ठरलेल्या विषयांवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळा, होता. बंधितातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण्याला. राज्यात हा निधी ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला जाई. समजा पंचायतीच्या हाती १० लाख आले: ३ लाख स्वच्छता, ३ लाख पाणी, ४ लाख मोकळे. सांडपाण्याची नाली, शोषखड्डा, कचरागाडी स्वच्छतेत. हापशीची दुरुस्ती, पाइपलाइन, टाकी पाण्यात. अंगणवाडीची फरशी, शाळेचं छत, चौकातले गट्टू (फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक), रस्ता हे सगळं त्या ४ लाखांतच भांडणार. पगार आणि आस्थापनेचा खर्च या मोकळ्या पैशातूनही चालत नाही. एका बंधित विषयाची गरज गावात पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसऱ्या बंधित विषयाकडे वळवता येतो, पण ग्रामसभेनं तसं प्रमाणित करावं लागतं. ही पळवाट फार थोड्या गावांना ठाऊक आहे. पुढच्या आयोगाचे पैसे येऊ लागले की टक्केवारी नव्या आदेशातून तपासून घ्या. जुनी पाठ करून सभेत गेलात तर तोंडघशी पडाल.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. उत्पन्न ३ लाख धरलं तर ३०,०००, ४५,००० आणि १५,०००. रकमा लहान आहेत, म्हणूनच विचारायला सोप्या. १५,००० कुणाकुणाला आणि कशापोटी गेले, यादी वाचून दाखवा. सभेतला सगळ्यात कमी वादाचा आणि सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रश्न हाच.

वेळापत्रक मात्र शेतकऱ्याला विचारून ठरवलेलं दिसत नाही. आराखड्याची लोकमोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी चालते. वऱ्हाडात तेव्हा सोयाबीन मळणीला, मग कापूस वेचणी, मधेच हरभऱ्याची पेरणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापणी आणि बांधणी. सकाळी अकराची सभा ठेवली की येणार कोण? मजुरी बुडवून बाई येणार नाही. संध्याकाळी सातची सभा मागा, तीही लेखी अर्ज देऊन. मुनादी (दवंडी) दिली का, नोटीस फलकावर लागली का, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली का, हेही पाहा. नुसत्या ग्रुपवर टाकलेली नोटीस म्हणजे ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना वगळणं.

गणपूर्ती आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. हजार मतदारांच्या गावात १०० माणसं. जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. खरी मेख इथं आहे. दुसऱ्या वेळी पंधरा माणसांत वर्षभराचा आराखडा कायदेशीर मंजूर होतो. म्हणून पहिल्या सभेला माणसं आणणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तहकूब सभेची तारीख, वेळ फळ्यावर लिहून घेणं. कोऱ्या रजिस्टरवर अंगठे घेऊन ठराव नंतर लिहिण्याची सवय असेल तर सही करताना नावापुढे वेळ टाका आणि शेवटच्या सहीखाली रेघ ओढायला लावा.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते. ती बऱ्याच ठिकाणी अंगणवाडीत दहा मिनिटांत उरकतात. तिथं झालेला ठराव दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वाचला गेला नाही तर त्याला कागदापलीकडे किंमत नाही. बचतगटाच्या अध्यक्षानं ठरावाची प्रत हातात ठेवून ‘आधी आमचा ठराव वाचा’ म्हणायचं, एवढी एकच युक्ती पुरते.

मागणी कशी लिहावी, यावर सगळं अवलंबून आहे. ‘आमच्या मोहल्ल्यात सिमेंट रस्ता पाहिजे’ हा अर्ज टोपलीत जातो. अर्जात जागा, दोन्ही टोकं, लांबी, रुंदी, किती घरांना फायदा, जागा कुणाच्या नावावर, आणि सध्या अडचण काय हे सात-आठ ओळींत लिहा. टेप नसेल तर पावलांनी मोजा, पण मोजा. जागेचा प्रश्न आधी मिटवा. पांदण रस्त्याची कामं सर्वांत जास्त अडतात ती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली की पैसा पडून राहतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. सभेत सूचक, अनुमोदक यांच्या नावासह ठराव क्रमांक प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, पडला की मगच उठा.

पुढं पंचायत समितीचा अभियंता एस्टिमेट करतो, तांत्रिक मान्यता मिळते, काम सुरू होतं. एस्टिमेटची प्रत हाती असली की हिशेब सोपा आहे. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागतं, म्हणजे ३६० पोती. जागेवर किती उतरली ते मोजायला शाळेतली पोरं पुरेत. रुंदी २.८ आणि जाडी १२ सेंटिमीटर केली तर काँक्रीट ३३.६ घनमीटरच लागतं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण पाव भाग माल वाचतो. जाडी कडेला मोजून समाधान मानू नये. कडेला पाट्या लावलेल्या असल्यामुळे तिथं जाडी पूर्ण भरते, आणि मधे मुरूम उंच ठेवून काँक्रीट पातळ टाकलेलं असतं. म्हणून ओतण्याआधी दोन पाट्यांवर दोरी ताणून मधल्या मुरमापर्यंतची खोली मोजा. ओतून झाल्यावर बोंबलून उपयोग नाही. आणि पाणी मारणं: सात दिवस तरी रोज. उन्हाळ्यात, चंद्रपूरकडच्या उन्हात, दोन दिवसांत सोडून दिलेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात भुकटी सोडतो.

नालीचं दुखणं वेगळं. दर २०० मीटरला १ मीटर उतार धरला तर १०० मीटर नालीला ५० सेंटिमीटर पडता हवा. नाली बांधतात, पण शेवट कुठं करायचा हे एस्टिमेटमध्ये नसतं. शेवटच्या घराच्या दारात डबकं साचतं आणि तो घरवाला माती टाकून नाली बुजवतो. त्याला दोष देता येत नाही. शोषखड्ड्याचंही तसंच: मुरमाड जमिनीत चालतो, काळ्या मातीत पाणी जिरत नाही आणि तो लवकर तुंबतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पिण्यासाठी बोअर मागणं म्हणजे खारट पाण्यावर पैसा घालणं. तिथं आरओ मागतात, ते ठीक. पण फिल्टर बदलणं, वीजबिल, चालवणारा माणूस यांची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर वर्ष-दोन वर्षांत तो डबा कुलूपबंद होतो. नव्या कामाची मागणी करताना त्याच अर्जात देखभालीचं हेड, म्हणजे खर्चाची वेगळी तरतूद, मागायला विसरू नका.

ज्यांचं गाव आता नगरपंचायत झालं, त्यांच्यासाठी यातलं काहीच नाही. गडचिरोलीतली धानोरा, कुरखेडा यांसारखी तालुक्याची गावं २०१५ च्या सुमारास नगरपंचायती झाली तेव्हा लोकांना रस्ते-दिवे मिळतील असं सांगितलं गेलं. ग्रामसभा गेली हे कुणी सांगितलं नाही. सतरा नगरसेवक आणि मुख्याधिकारी अंदाजपत्रक करतात. राज्यघटनेतली वॉर्ड समितीची सक्ती ३ लाखांवरच्या शहरांना आहे, ती आपल्या गावांना लागत नाही. अशा ठिकाणी पुण्याच्या पद्धतीवरून मागणी करावी. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात: छापील अर्ज, कामाची जागा, कामामागे ५ लाखांची मर्यादा. कामं छोटीच येतात, बाक, दिवे, पदपथ. मोठ्या प्रकल्पांवर लोकांना कुणी विचारत नाही, ही टीकाही रास्त. तरी अर्जाचा नमुना, ठरावीक मुदत आणि बाजूला काढलेला पैसा या तीन गोष्टी तिथं आहेत. आपल्या नगरपंचायतीनं वॉर्डामागे लाखभर रुपये जरी असे बाजूला काढले तरी सुरुवात होईल. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली. तिथून उचलण्यासारखी गोष्ट गुणांची: ज्या वस्तीत सोयी कमी, तिला जास्त गुण. आपल्याकडे उलट, ज्या मोहल्ल्यात आधीच रस्ता आहे तिथंच गट्टू बसतात.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांची गोष्ट निराळी आणि खरं तर सर्वांत पुढची. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामसभा कोषात येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये स्वतः बांबू विकला, आणि तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. वेळ लागतो. पण नंतर कुणी काम अडवत नाही. कोषाचं खातं मात्र ॲपवर न पाहता ग्रामसभा कोष समितीच्या वहीतच पाहावं.

गुण द्यायचे तर खर्च दाखवण्यासाठी पाचपैकी साडेतीन, लोकांचं म्हणणं आत घेण्यासाठी दीड. ‘मेरी पंचायत’मध्ये काम सुचवायची, तक्रार करायची सोय दिली आहे, पण तिथं सुचवलेलं काम ग्रामसभेत वाचलं गेलं नाही तर त्याचा ठराव होत नाही. आवक क्रमांक टाकला की अर्ज सभेत आला का, कितव्या क्रमांकावर बसला, का वगळला हे दाखवणारी एक खिडकी असती तर आणखी एक गुण दिला असता.

तोवर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत ३० दिवस, पानाला २ रुपये. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून अंदाजपत्रक, प्रोसिडिंग आणि कामाचं एस्टिमेट एका कागदावर कोंबू नका, वेगवेगळे अर्ज करा. आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, बहुतेक वेळा ग्रामपंचायतीत नसते, अभियंत्याच्या कपाटात असते. तो अर्ज पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं टाका, नाहीतर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर घेऊन एक महिना वाया जाईल.